समुद्रावर गालिचे धुणारं शहर

दोस्तांनो, समुद्रावर तुम्ही कशासाठी जाता? वाळूचा किल्ला करायला, शिंपले वेचायला, लाटांशी शिवाशिवी खेळायला. आणि बरोबर मोठी माणसं असली, तर भेळ खायला! पण घरातल्या सतरंजीची गुंडाळी खांद्यावर टाकून, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात साबणाचा डबा घेऊन समुद्रावर निघालेली माणसं तुम्ही कधी पाहिली आहेत?

नाही ना? मग चला, आज आपण अशा गावाला जाऊ, जिथे हे दृश्य दर उन्हाळ्यात दिसतं. या गावाचं नाव आहे हेलसिंकी, फिनलंड देशाची राजधानी. नकाशा उघडा. युरोपच्या अगदी उत्तरेला, स्वीडन आणि रशिया यांच्या मधोमध हा देश सापडेल. देश लांबलचक, पण माणसं थोडी. सगळ्या फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. देशाचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग जंगलानं झाकलेला आणि लहानमोठी तळी मोजली तर १ लाख ८७ हजारांहून जास्त! पाण्याचा तोटा नाही. तोटा आहे तो उन्हाचा. हिवाळा लांब, काळोखी आणि हाडं गोठवणारा. त्यामुळे उन्हाळा आला, की फिनलंडची माणसं घरात थांबतच नाहीत. जूनमध्ये हेलसिंकीत सूर्य मावळतो रात्री पावणेअकराच्या सुमाराला! आपण झोपेत दुसऱ्या कुशीवर वळतो, त्या वेळी तिथे संध्याकाळचं ऊन पडलेलं असतं. एवढं मोठं ऊन मिळालं, की तिथल्या आजीबाईंना पहिली आठवण होते ती गालिच्यांची.

काठाकाठानं चालत जाऊ

हेलसिंकीच्या बंदराला लागूनच एक बाजारचौक आहे. मासे, बटाटे, स्ट्रॉबेरी, हिरव्यागार मटाराच्या शेंगा असं सगळं तिथे उघड्यावर विकायला असतं. तिथले लोक मटार कच्चेच, शेंगा सोलत सोलत खातात. आपणही थोड्या शेंगा घेऊ आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालू लागू. लांबून मोठमोठी प्रवासी जहाजं जाताना दिसतील, काही स्वीडनला, तर काही पलीकडच्या एस्टोनियाला. समोरच्या बेटांवर दगडी तटबंदी दिसेल. तो सुओमेनलिन्ना किल्ला. आपला जंजिरा कसा समुद्रात ठाण मांडून बसलाय, तसाच हाही. १७४८ साली त्याचं बांधकाम सुरू झालं आणि १९९१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

किल्ला बघत बघत आपण कायवोपुइस्तो नावाच्या मोठ्या बागेपाशी येतो. तिथे काठावर एक लाकडी धक्का दिसतो. त्यावर लांबलचक लाकडी टेबलं आणि टेबलांभोवती माणसं. कोणी गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेली, कोणी रबरी बूट घातलेली, कोणी चक्क पोहायच्या कपड्यांत! आजोबा आहेत, तरुण मुलं आहेत, आईला मदत करायच्या निमित्तानं एकमेकांवर पाणी उडवणारी पोरंही आहेत. टेबलांवर रंगीबेरंगी पट्ट्यांचे गालिचे अंथरलेले आणि ब्रशांची खसखस चाललेली. हवेत एक छान वास पसरलेला असतो, जंगलाचा, डिंकाचा, ओल्या लाकडाचा.

या जागेला फिन्निश भाषेत म्हणतात 'मात्तोलाइतुरी'. 'मात्तो' म्हणजे गालिचा आणि 'लाइतुरी' म्हणजे धक्का. गालिचे धुण्याचा सार्वजनिक धक्का! हेलसिंकीत असे अनेक धक्के आहेत आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत. आपापला साबण आणि ब्रश घेऊन यायचं, की झालं.

बाबांचा शर्ट, आजीची चादर

'गालिचा' म्हटलं, की तुमच्या डोळ्यांसमोर राजवाड्यातला मऊमऊ, वेलबुट्टीचा इराणी गालिचा आला असेल. पण इथे तसं काही नाही. फिनलंडच्या घरोघरी असतो तो चिंध्यांचा गालिचा! जुन्या चादरी, फाटके शर्ट, लहान झालेले झगे यांच्या लांब लांब पट्ट्या कापायच्या आणि हातमागावर विणायच्या. ताणा, म्हणजे उभे धागे, असतात चिवट सुताचे. बाणा, म्हणजे आडवे धागे, त्यांच्या जागी या चिंध्यांच्या पट्ट्या. एकोणिसाव्या शतकात हे गालिचे तिथे घरोघर पसरले. लांब ओसरीसारख्या खोलीत, स्वयंपाकघरात, उन्हाळी घरात, सगळीकडे ते अंथरलेले असतात.

त्यात एक मजा आहे. तुमच्याएवढी एखादी मुलगी गालिच्यावर पालथी पडून बोट फिरवते आणि सांगते, "हा निळा पट्टा बाबांच्या शर्टाचा. हा फुलाफुलांचा आईच्या झग्याचा. आणि हा पांढरा आजीच्या चादरीचा." काय, ओळखीचं वाटतंय ना? आपल्या आजीची गोधडी आठवली ना? कोणी तिला वाकळ म्हणतं, कोणी गोधडी. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर आणि आपली झबली, सगळे एका टाक्यात येऊन बसतात. आपल्याकडे चिंध्या जोडून पांघरूण झालं, त्यांच्याकडे चिंध्या विणून अंथरूण झालं, एवढाच काय तो फरक.

म्हणूनच असा गालिचा मळला म्हणून कोणी फेकून देत नाही. तो वर्षातून एकदा नीट धुतात, वाळवतात आणि पुन्हा अंथरतात. नीट सांभाळला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. तो सांभाळायची पहिली युक्ती तर फारच सोपी आहे. फिनलंडमध्ये कोणीही बूट घालून घरात शिरत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, बूट दाराशीच! आपल्याकडेही चपला बाहेरच काढतात. गालिच्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पायाबरोबर येणारी बारीक वाळू. ती तळाशी जाऊन बसते आणि आपण वरून चाललो, की कानशीसारखी एकेक धागा कापत राहते. गालिचा वरून स्वच्छ दिसतो आणि आतून झिजत जातो. चप्पल दाराशी राहिली, तर हे निम्मं संकट दारातूनच परत जातं.

गालिचा धुण्याची रीत

आता धक्क्यावरचं काम नीट बघू. तुमच्या मनात आलं असेल, त्यात काय बघायचंय! साबण लावायचा, घासायचं, धुवायचं. पण नाही, त्यालाही रीत आहे.

पहिलं काम पाण्याशिवायचं. गालिचा आधी कोरडाच झटकायचा आणि बडवायचा. हे केलं नाही, तर आतल्या धुळीचा चिखल होतो आणि तो आणखी खोल जाऊन बसतो. हेलसिंकीत इमारतींच्या अंगणात यासाठी खास दांड्या उभारलेल्या असतात. त्यावर गालिचा टाकायचा आणि बडवण्यानं धपाधप बडवायचा. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याच्या वेळाही ठरलेल्या असतात.

मग धक्क्यावर यायचं. गालिचा टेबलावर पसरून पूर्ण भिजवायचा. साबण लावायचा आणि ब्रशनं घासायचा, पण वाटेल तसा नाही. पट्टे ज्या दिशेनं गेलेत, त्याच दिशेनं. आडवंतिडवं घासलं तर चिंध्या सरकतात आणि गालिचा वाकडा होतो. एक बाजू झाली, की उलटवून दुसरी.

त्यानंतर खळबळणं. पाण्यातून काढायचा, पुन्हा बुडवायचा, पुन्हा काढायचा. निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत सोडायचं नाही. साबण आत राहिला तर गालिचा चिकट होतो आणि दुप्पट वेगानं मळतो. हे मात्र आपल्याकडेही पुष्कळांना माहीत नसतं.

ओला गालिचा किती जड होतो म्हणता! दोघांनी दोन टोकं धरली तरी दमछाक होते. म्हणून धक्क्याजवळ पिळायचं यंत्र असतं. उसाच्या गुऱ्हाळातला चरक आठवा. दोन रूळ आणि बाजूला एक हातदांडा. उसाऐवजी गालिचा आत घालायचा, दांडा फिरवायचा, की एका बाजूनं पाणी भळाभळा खाली आणि दुसऱ्या बाजूनं चपटा झालेला गालिचा बाहेर. दांडा फिरवायला मुलांची नेहमीच भांडणं!

शेवटी लाकडी दांड्यांवर गालिचे टांगायचे. वारा, ऊन आणि रात्री उशिरापर्यंतचा उजेड. लोक गालिचे तसेच टांगून घरी निघून जातात आणि वाळले, की न्यायला येतात. मात्र पुरता वाळल्याशिवाय उचलायचा नाही. जरा ओल राहिली, की कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

समुद्राच्या पाण्यात फेस?

तुमच्यातल्या एखाद्या चौकस मुलाला आतापर्यंत शंका आली असेल. आपल्या समुद्राच्या पाण्यात अंघोळीचा साबण घासला, तर फेस धड होत नाही. उलट पांढरा साका तयार होतो. मग यांच्या समुद्रात गालिचे धुतले कसे जातात? आणि वाळल्यावर त्यावर मीठ नाही का राहत?

शाबास! शंका अगदी बरोबर आहे. उत्तर आहे त्या समुद्रातच. हेलसिंकीच्या काठाला जो समुद्र आहे, तो बाल्टिक समुद्र. आपल्या अरबी समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. हेलसिंकीजवळच्या एक लिटर पाण्यात असतं फक्त ५ ते ६ ग्रॅम, एखादा चमचाच म्हणा ना! चव घेतली तर फार तर मचूळ लागेल.

असं का? तर बाल्टिक समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेला आहे. कितीतरी नद्या त्यात गोडं पाणी ओततात. मोठ्या महासागराशी त्याची गाठ पडते ती फक्त डेन्मार्क आणि स्वीडनजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतून. खारं पाणी आत येतं ते तेवढ्याच चिंचोळ्या दारानं. म्हणून पाणी अळणी, म्हणून साबणाला फेस आणि म्हणून गालिचे धुण्याची ही रीत.

आणि त्या जंगली वासाचं काय? तो साबणाचा. तो पाइनच्या झाडापासून करतात. पाइन म्हणजे आपल्या हिमालयातल्या चीडच्या झाडाचा भाऊबंद. कागदासाठी त्याचं लाकूड शिजवताना एक तेलकट चिकट पदार्थ वेगळा होतो. त्यापासून हा मऊ, पिवळसर-तपकिरी साबण बनतो. ज्या देशात जंगल भरपूर, त्या देशात साबणही जंगलातूनच!

हिवाळ्यातली धुलाई

हिवाळ्यात काय करत असतील मग? समुद्र काठाशी गोठलेला, धक्का बर्फाखाली. तरीही गालिच्यांची सुटका नाही! बाहेर कडाक्याची थंडी पडली आणि बर्फ अगदी भुसभुशीत, कोरडा झाला, की गालिचे अंगणात येतात. बर्फावर गालिचा पालथा अंथरायचा आणि वरून बडवायचा. मग उचलायचा. खाली पाहावं, तर पांढऱ्याशुभ्र बर्फावर गालिच्याच्या आकाराचा राखाडी चौकोन! जणू गालिच्यानं आपला फोटोच काढून ठेवलाय. मग पुढच्या स्वच्छ जागेवर सरकवायचा, पुन्हा बडवायचा. चौकोन फिका होत गेला, की समजायचं गालिचा स्वच्छ झाला.

बर्फ कोरडा असल्यामुळे गालिचा भिजत नाही. शिवाय कडक थंडीत तो तासन् तास बाहेर राहिला, तर त्यातले धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. डोळ्यांना न दिसणारे हे किडे गालिच्यात आणि गाद्यांत राहतात. काही जणांना सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका येतात, त्यात पुष्कळदा यांचा हात असतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण हेच काम बऱ्याच अंशी कडक ऊन करतं. गाद्या आणि सतरंज्या उन्हात टाकायची आपल्या आजीची सवय उगाच नाही!

घाण गेली कुठे?

बर्फावरचा तो राखाडी चौकोन मात्र नीट लक्षात ठेवा. कारण तो आपल्याला एक मोठी गोष्ट सांगतो. गालिच्यातली घाण नाहीशी झालेली नाही. तिनं फक्त जागा बदलली आहे. आधी गालिच्यात होती, आता बर्फावर आहे.

धक्क्यावरही तेच. गालिचा स्वच्छ झाला, पण घाण, साबण आणि कापडाचे बारीक तंतू गेले समुद्रात. समुद्रात ते दिसत नाहीत, एवढंच.

"समुद्र केवढा मोठा! माझ्या एका गालिच्यानं काय होणार?" असं फिनलंडमधल्या माणसांनाही पूर्वी वाटायचं. पण आपण बघितलं, की बाल्टिकला बाहेर जायला दार अगदी लहान आहे. त्याची सरासरी खोलीही जेमतेम ५५ मीटर. त्यातलं सगळं पाणी बदलायला साधारण ३० वर्षं लागतात! म्हणजे आज पाण्यात जे गेलं, ते तुम्ही मोठे होऊन तुमची मुलं शाळेत जाऊ लागेपर्यंत तिथेच घुटमळत राहणार. आणि या समुद्राच्या काठावर देश आहेत ९. नद्यांतून, गटारांतून सगळ्यांचं पाणी शेवटी तिथेच येतं.

त्या पाण्याबरोबर येतात फॉस्फरस आणि नायट्रोजन. शेतातल्या खतांतून, शहरांच्या सांडपाण्यातून, काही जातींच्या साबण-पावडरींतून. ही आहेत वनस्पतींची अन्नद्रव्यं. पिकाला ती हवीतच, पण समुद्रात त्यांचं काय होतं? तिथे शेवाळाचं पीक येतं! कित्येक उन्हाळ्यांत बाल्टिकच्या पाण्यावर हिरवट साय धरते. या नील-हरित शेवाळातले काही प्रकार विषारी असतात. मग किनाऱ्यावर पाटी लागते, 'पाण्यात उतरू नका'. विचार करा, वर्षभर वाट पाहून उन्हाळा आला आणि पोहायचीच बंदी! पुढे हे शेवाळ मरून तळाशी जातं, तिथे कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतं. तळाच्या मोठमोठ्या भागांत मग मासे जगू शकत नाहीत.

आता खरं सांगायचं तर या सगळ्यात गालिच्यांचा वाटा अगदी लहान आहे. मोठा वाटा शेतांचा आणि शहरांचा. शिवाय पाइनच्या साबणात फॉस्फेट घालत नाहीत. तेव्हा एखाद्या आजीनं कंबरेवर हात ठेवून विचारलं, "मोठ्यांना सोडून माझ्याच गालिच्याच्या मागे का लागलात?" तर तिचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण साबण, मग तो झाडापासून केलेला का असेना, पाण्यातल्या लहान जीवांना त्रास देतोच. आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत बसला, तर सुरुवात करणार कोण?

म्हणून दोन्ही बाजूंनी काम सुरू झालं. १९७४ साली बाल्टिकच्या काठावरच्या तेव्हाच्या ७ देशांनी हा समुद्र वाचवण्यासाठी एक करार केला. त्यातल्या काही देशांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं, पण समुद्रासाठी ते एका टेबलाशी बसले. तो करार झाला याच हेलसिंकी शहरात. पुढे युरोपीय संघानं घरगुती कपडे धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर २०१३ च्या जूनपासून कडक मर्यादा घातली.

आणि गालिच्यांचं काय? ते धुणं बंद झालं का? मुळीच नाही! फिनलंडमधल्या अनेक गावांनी नुसती टेबलं हलवली. पाण्यावरचे धक्के सोडून काठापासून थोडं आत, जमिनीवर धुण्याच्या जागा बांधल्या. तिथे टेबलं आहेत, नळ आहेत, खळबळायला हौद आहेत, पिळायचा चरक आहे आणि वाळवायच्या दांड्याही आहेत. फक्त वापरलेलं पाणी समुद्रात किंवा तळ्यात न जाता गटारातून सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात जातं. हेलसिंकीचं असं मोठं केंद्र आहे वीकिन्मॅकी इथे. १९९४ साली ते सुरू झालं आणि ते आहे चक्क खडकाच्या पोटात! वर लोक राहतात आणि खाली सुमारे आठ लाख लोकांचं सांडपाणी स्वच्छ होतं. मग ते पाणी १६ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून दूर समुद्रात सोडलं जातं.

पाण्यावर तरंगणारे जुने धक्के अजूनही काही ठिकाणी आहेत. काही म्हाताऱ्या माणसांना तेच आवडतात. लाटांवर गालिचा खळबळायची मजा नळाखाली नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नाही. पण मागची पिढी गालिचे धुवायला समुद्रावर यायची ती एकत्र जमायला, गप्पा मारायला, उन्हात राबायला. ते सगळं जमिनीवरच्या धक्क्यावरही होतंच की! रीत टिकली आणि समुद्रावरचं थोडं ओझंही उतरलं.

आपली नवरात्राची धुणी

आपल्याकडेही अशीच रीत आहे. नवरात्र जवळ आलं, घटस्थापनेची तयारी सुरू झाली, की गावोगावी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं बाहेर निघतात. गोधड्या, वाकळा, सतरंज्या, घोंगड्या यांची गाठोडी बांधून मंडळी नदीवर, ओढ्यावर जातात. काठावरच्या खडकांवर गोधड्या वाळत पडल्या, की सगळा काठ कसा रंगीत दिसतो! पूर्वी त्यासाठी रिठे वापरत. आता पावडरी आल्या आणि माणसंही वाढली.

आणि आपल्या नद्यांचं काय चाललंय? पंचगंगेत किंवा उजनीच्या जलाशयात पसरलेली जलपर्णी तुम्ही पाहिली असेल. लांबून वाटतं, काय सुंदर हिरवा गालिचा! पण हा गालिचा पाण्याचा श्वास कोंडतो. त्याला खत कोण घालतं? मुख्यतः आपली गावं आणि शहरं, आपल्या सांडपाण्यातून. म्हणजे बाल्टिकची गोष्ट आपल्या दारातही चाललीच आहे.

म्हणून गोधड्या धुवायच्याच नाहीत असं नाही. गोधड्या धुवायच्याच! फक्त नदीतून बादलीनं पाणी आणून काठापासून दूर, मातीवर धुवायच्या. ते साबणाचं पाणी परत नदीत ओतायचं नाही. आणि पावडर मूठभर नाही, तर मोजून.

घरच्या गालिच्यासाठी

आता आई-बाबांना हा भाग वाचून दाखवा.

सुती सतरंजी, जाजम आणि चिंध्यांचं पायपुसणं पाण्यानं बिनधास्त धुता येतं. पण धुण्याआधी रंग पक्का आहे का ते बघा. पांढरं ओलं फडकं एका कोपऱ्यावर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ती सतरंजी एकटीच, थंड पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची.

लोकरीचा गालिचा मात्र नाजूक. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि जोराचं घासणं मिळालं, की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आवळून घट्ट होते. म्हणून तो घरी धोपटून, चोळून धुवायचा नाही. आठवड्याला हलक्या हातानं झाडायचा किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा, तोही झालर सोडून. मोठी धुलाई जाणकाराकडे द्यायची.

गालिच्यावर चहा किंवा सरबत सांडलं तर घाबरू नका आणि मुख्य म्हणजे घासू नका! कोरडं सुती फडकं वरून दाबा आणि ओल टिपून घ्या. डागाच्या कडेपासून मध्याकडे या, म्हणजे डाग पसरणार नाही. मग थोड्या साध्या पाण्यानं ओलं करून पुन्हा टिपा. जितक्या लवकर टिपाल, तितका डाग कमी.

काही महिन्यांनी गालिचा फिरवून उलट्या दिशेनं अंथरा, म्हणजे एकाच बाजूला झीज होणार नाही. ठेवायचा असेल तर घडी घालू नका, घडीवर धागे मोडतात. गुंडाळी करा. आधी पूर्ण वाळवा, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि अधूनमधून उघडून पाहा. लोकरीला कसर लागते ती अंधारात पडून राहिलेल्या गुंडाळीलाच.

आणि हा छोटा प्रयोग तुम्ही स्वतः करा. एकसारख्या दोन बाटल्यांत अर्धा अर्धा लिटर पाणी घ्या. एकीत अर्धा चमचा मीठ विरघळवा, हा झाला हेलसिंकीचा समुद्र. दुसरीत तीन चमचे, हा आपला अरबी समुद्र. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा सारखाच किस टाका, झाकणं लावा आणि जोरानं हलवा. कोणत्या समुद्रात फेस जास्त होतो ते वहीत लिहून ठेवा.

प्रयोग झाल्यावर बाटल्या मोरीत रिकाम्या कराल, तेव्हा क्षणभर थांबा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, "हे पाणी इथून कुठे जातं?" मोरीतून गटारात, गटारातून पुढे कुठे? तुमच्या गावात सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे का, की ते थेट नदीत जातं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.